पाणी पिणारं झाड

वाळुंजाची काठी वाफेत पुरेशी मुरली की तिला एक क्षण असा येतो, जेव्हा ती लाकूड उरलेली नसते आणि दोरी झालेली नसते. नेमक्या त्या क्षणी तिला साच्यात घालून वाकवायची. घाई केली तर ती मोडते, उशीर केला तर रुसल्यासारखी पुन्हा सरळ होते. बेशेनालीने सारे आयुष्य त्या क्षणाची वाट पाहण्यात घालवले होते. आज मात्र तो क्षण त्याच्या हातून पुन्हा पुन्हा निसटत होता आणि मोडक्या काठ्यांचा ढीग पायाशी वाढत होता.

लोकरीच्या नमद्याच्या तंबूचे छत ज्या काठ्यांवर उभे राहते त्या खालच्या टोकाशी वाकवलेल्याच असाव्या लागतात. हे पाहायला येणारा प्रत्येक शहाणा माणूस आधी काठीकडे पाही, मग बेशेनालीच्या पाठीकडे पाही, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सुचल्याचा उजेड पडे. बेशेनाली तो उजेड ओळखून होता. तो पडला, की पुढचे वाक्य ऐकावे लागू नये म्हणून तो चहा ठेवायला उठे.

"बोतो! अरे, नुसता धूर करून ठेवलायस. लक्ष कुठंय तुझं?"

दारात बुबुकान उभी होती. ती त्याच्या थोरल्या भावाची विधवा; त्याला बोतो म्हणणारी ती एकटीच. भाऊ गेल्यावर तिने आणि बेशेनालीने मिळून एकच गोष्ट नीट केली होती, ती म्हणजे तिचा मुलगा तालाय मोठा केला होता. उद्या त्या तालायची नवरी या अंगणात येणार होती.

"उद्या मानाच्या जागी बसायचंय तुला," बुबुकान म्हणाली. "सून सलामाला वाकेल तेव्हा आशीर्वाद कोण देणार? तालायचा बाप नाही. त्याच्या जागी तूच."

"मला काम आहे."

"लाकूड काय पळून चाललंय?"

"बसेन, वहिनी. पण तो नवा कोट नको. नव्या कोटात मी जास्त दिसतो."

"जास्त म्हणजे?"

"जास्त म्हणजे जास्त."

बुबुकान हसली, मग हसणे अर्ध्यावर टाकून तिने ढिगातली एक मोडकी काठी उचलली, तिच्याकडे उगाच पाहिले आणि ती परत ठेवून निघून गेली. काठ्या का मोडताहेत ते तिला ठाऊक होते. या घरात न बोलता ठाऊक असलेल्या गोष्टी बोललेल्या गोष्टींपेक्षा कितीतरी अधिक होत्या.

नव्या सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव घ्यायचे नसते. मूळ नावाला ओठ लावायचे नाहीत आणि प्रत्येकासाठी आपला असा एक शब्द शोधायचा. तो शब्द मग घरात राहतो, तिच्या पोरांच्या तोंडी जातो आणि म्हातारपणी माणसाला त्याच शब्दाने जेवायला हाक मारतात. म्हणून सून येणार म्हटले की घरातली म्हातारी माणसे थोडी सावरून बसतात, नवा फोटो काढायचा असल्यासारखी. बेशेनालीला मात्र सावरून बसण्यासारखे काही नव्हते. हा आपल्या वाट्याचा शेवटचा शब्द असणार, एवढेच तो समजून होता. याच्यानंतर नवा शब्द आणणारे कोणी येणार नव्हते. जो काही येईल तो घेऊनच टेकडीवरच्या कबरस्तानात जायचे होते.

शब्द त्याने पुष्कळ पाहिले होते. लहानपणी मणक्याला क्षय झाला आणि सरोवराकाठच्या आरोग्यधामात त्याला प्लास्टरच्या खोळीत उताणे निजवून ठेवले. तेथे खाटेच्या दांडीला टांगलेल्या पाटीवर रशियन भाषेतला एक शब्द होता. तो तोंडपाठ झाला तरी त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितला नाही. तो घरी आला तेव्हा पाठीला डोंगर आलेला होता, आणि अर्थ शाळेतल्या पोरांनी सांगितला. त्यांचा शब्द साधा होता. बुकुर, म्हणजे कुबडा. शब्द आखूड, हाक मारायला सोपा, लांबवर पोचणारा. तो चिकटला. पण तो इतका घट्ट का चिकटला हे बेशेनालीला फार उशिरा उमगले. गावात येणाऱ्या प्रत्येक सुनेला त्याचे नाव घेता येत नव्हते, आणि त्याच्यापुरता शब्द शोधण्याचे कष्ट गावाने आधीच वाचवले होते. तयार शब्द समोर होता. एकेक सून आली, तिने तो उचलला, तिच्या मुलांनी तो तिच्याकडून घेतला, आणि पाहता पाहता 'बुकुर आबा' म्हटल्याशिवाय त्याला ओळखणारे गावात कोणी राहिले नाही. वाईट कोणाच्याच मनात नव्हते. 'बुकुर आबा, जेवलात का?' असे लोक मायेनेच विचारीत. त्या मायेला उत्तर देताना आपण दर वेळी एक पायरी खाली उतरतो आहोत, हे सांगायचे तरी कोणाला?

एकट्या बुबुकानने वेगळा शब्द शोधला होता. ती या घरात नवरी म्हणून आली तेव्हा तो आजारातून नुकताच उठलेला पोरगा होता. तिने त्याचे नाव 'बोतो' ठेवले, उंटाचे पिल्लू. कोणत्याही लाडक्या पोराला म्हणावा असा तो शब्द. पण उंटाच्या पाठीवर काय असते ते सर्वांना माहीत होते, आणि त्या दिवशी अंगणातले सगळे हसले होते. तिने तो शब्द लाडाने ठेवला की पाहून ठेवला, हे बेशेनालीने तिला कधी विचारले नाही. विचारण्याचे दिवस हळूहळू सरून गेले.

मग गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या गावाहून एक बाई येऊ लागल्या. त्या दयाळू होत्या, सोबत मिठाई आणीत. गावाला शाळेत जमवून त्यांनी सांगितले, की बुकुर हा शब्द कोणी वापरायचा नाही. त्यांनी एक लांबलचक शब्द दिला, ज्यात 'विशेष' होते, 'गरजा' होत्या आणि 'व्यक्ती'सुद्धा होती. गावाने तो शब्द कौतुकाने ऐकला आणि नवी भेटवस्तू मांडणीवर ठेवावी तसा ठेवून दिला. फरक इतकाच पडला, की त्यानंतर काही दिवस बेशेनाली कोठे गेला की बोलणे थांबायचे. जुना शब्द तोंडात आलेला, नवा आठवत नसलेला; लोक गप्प बसून त्याच्याकडे पाहत. तो गप्पपणा जुन्या शब्दाहून जड होता. त्या काळात त्याने ओळखले, की लोक आपल्यासाठी नवा शब्द घेऊन येतात तेव्हा ते पाहुण्यासारखे येतात, आणि त्या शब्दाला बसवून चहा आपल्यालाच पाजावा लागतो.

आता त्याच्यात चहा पाजण्याचे त्राण उरले नव्हते.

*

तालायची नवरी सैकाल आली. पांढरा रुमाल डोक्यावरून पुढे ओढलेला, दोन्ही हात छातीशी. तिने तीनदा वाकून सलाम केला आणि बेशेनालीने हात वर करून आशीर्वाद दिला. रुमालाखालून त्याला फक्त तिची हनुवटी दिसली. ती लहान होती आणि हट्टी वाटली. तो जुन्याच कोटात होता.

दोन-चार दिवसांत कळले, की मुलीच्या जिभेला धार आहे. सगळ्या नात्यांना तिने शब्द वाटायला सुरुवात केली, आणि बायका त्या शब्दांसाठी मुद्दाम फेऱ्या मारू लागल्या. बुबुकान दिवसभर खिशात किल्ल्या वाजवीत फिरे, म्हणून ती 'घुंगूर आई' झाली. वरच्या आळीतले चुलत सासरे प्रत्येक गोष्ट तीनदा विचारीत, ते 'पुन्हा सांग बाबा' झाले. स्वतः ते चुलत सासरे हे ऐकायला आले आणि "काय म्हणते ती मला?" असे खरोखरच तीनदा विचारून गेले. अंगण हसले. बेशेनाली आपल्या कामाच्या खोपटात बसून ते हसणे ऐकत राहिला. इतकी धारदार जीभ आपल्याकडे वळेल तेव्हा काय होईल, याचा अंदाज घेत तो काठ्या सोलीत होता.

पण त्याच्यासाठी शब्द येईना. ती चहा पुढे करी तेव्हा मान खाली घालून "घ्या" म्हणे. हाक मारायची वेळ आली तर खोपटाच्या दाराशी येऊन खाकरे. आणि मग त्याच्या लक्षात आणखी एक गोष्ट येऊ लागली.

अंगणाच्या तोंडाशी पाण्याच्या पाटावर झुकलेले जर्दाळूचे एक झाड होते. त्याला घरात 'बुकुर जर्दाळू' म्हणत. भावाने केव्हातरी थट्टेत ठेवलेले ते नाव. एका सकाळी तालाय घोड्याला खोगीर चढवीत असताना सैकाल त्याला म्हणाली, "अहो, घोडा तिकडं बांधा ना, त्या पाणी पिणाऱ्या झाडाला."

"कुठल्या?"

"ते हो, पाटातलं पाणी पितंय ते."

चुलीच्या धुराड्याचा नळ भिंतीशी वाकला होता. तो तिच्या बोलण्यात 'सलाम करणारा नळ' झाला. शेजारच्या कालीपाची सासू वयाने दुमडली होती. सगळे तिला बुकुर आजी म्हणत, सैकाल तिला 'सुई शोधणारी आजी' म्हणू लागली. प्रत्येक ठिकाणी तो एक शब्द तिच्या तोंडाशी येई आणि ती त्याला वळसा घालून जाई, वाटेत निजलेल्या कुत्र्याला घालावा तसा.

बेशेनालीने मनाशी त्याचा अर्थ लावला. ही शहरात शिकलेली मुलगी. त्या मिठाईवाल्या बाईंनी जे शाळेत सांगितले तेच हिला कॉलेजात सांगितले असणार. त्याच्यासमोर तो शब्द उच्चारायचा नाही, झाडाबद्दलही नाही, नळाबद्दलही नाही, बिचाऱ्याला लागेल. हसणारी पोरे त्याने सोसली होती, शब्द विसरलेले गाव सोसले होते. पण आपल्याच घरात, आपल्याच चुलीपाशी, उरलेले सारे दिवस कोणीतरी आपल्याभोवती चवड्यांवर चालत राहील, ही कल्पना त्याला सोसेना. झाडाबद्दलसुद्धा आता त्याच्यामुळे कोणाला सरळ बोलता येणार नव्हते.

संध्याकाळी त्याने गादी गुंडाळली आणि खोपटात नेऊन टाकली.

तालाय मागोमाग आला. "आबा, हे काय? रात्री थंडी असते. इथं झोपणार?"

"कामाला बरं पडतं."

"सून आल्या आल्या तुम्ही घर सोडलंत तर गाव काय म्हणेल? तिनं हाकललं म्हणतील. काही बोलली का ती?"

"काही बोलत नाही. तेच तर."

"म्हणजे?"

"जा तू. उशी राहिलीय तेवढी दे आणून."

तालायने उशी आणून दिली नाही. ती आणली सैकालनेच. दाराशी खाकरून ती उंबऱ्यावर ठेवली आणि थोडी थांबली. तिला काहीतरी विचारायचे होते हे दिसत होते. बेशेनालीने पाठ फिरवली. पाठ फिरवणे ही त्याच्याजवळची सर्वात मोठी गोष्ट होती, तिच्यापुढे कोणी उभे राहत नसे. तीही गेली.

*

तालाय म्हणाला तसेच झाले. गाव बोलू लागले. सुनेने म्हाताऱ्याला बाहेर काढले. सैकालचे डोळे सुजलेले दिसू लागले आणि बुबुकानच्या किल्ल्या वाजेनाशा झाल्या. शेवटी बुबुकानने आपल्या परीने एक उपाय काढला. तिने शेजारणींना चहाला बोलावले, सैकालला कणकेचे बोरसोक तळायला बसवले, आणि स्वतः खोपटात येऊन दिराला म्हणाली, "चल. चार बायकांना तुला आमच्यात बसून खाताना पाहू दे. मग परत येऊन काय करायचं ते कर."

तो गेला. नकार द्यायलाही बळ लागते.

ओसरीत गालिच्यावर चादर अंथरली होती. मधोमध तळलेल्या बोरसोकची रास, जर्दाळूचा मुरंबा, साय. सैकाल चहाच्या सामोवारपाशी बसून वाट्या भरीत होती. तालाय दाराच्या चौकटीला टेकून उभा. कालीपा सर्वात वर, तिच्या दोन जावा बाजूला. कालीपा ही अशी बाई होती, की शांतता पाहिली की तिला ती खाजवावीशी वाटे.

"सूनबाई," ती मुरंब्यात बोट बुडवीत म्हणाली, "आमच्या सासूला तू म्हणे सुई शोधायला लावलंयस. म्हातारी घरभर विचारतेय, माझी कुठली सुई हरवली."

सगळ्या हसल्या. सैकालही हसली.

"बरं, ते बाहेर पाटावर झाड आहे, त्याला काय म्हणतात गं?"

"पाणी पिणारं झाड."

"ते तू म्हणतेस. घरचे काय म्हणतात?"

सैकालने वाटी भरली, पुढे सरकवली. "घरचे म्हणतात ते मला म्हणता येत नाही, आपा. तुम्हाला माहितीय."

"का येत नाही?"

"आता उगाच छळू नका ना."

नव्या सुनेच्या तोंडून चुकून नाव काढून घेण्याचा हा खेळ जुना होता. सगळ्या जणी पुढे सरकल्या. पण खेळ कशाचा चालला आहे हे कोणालाच नीट समजत नव्हते. बेशेनालीने वाटी खाली ठेवली. आता येणार, त्याला वाटले. आता ती सांगणार, की अशा माणसासमोर असे शब्द वापरू नयेत. आणि सगळ्या गप्प होऊन माझ्याकडे पाहणार.

"अगं, झाडाला नाव घ्यायला कसली अडचण?" कालीपाची एक जाऊ म्हणाली. "झाड काय तुझा सासरा लागतं?"

"झाड नाही लागत. पण ज्यांचं नाव झाडाला दिलंय ते लागतात." सैकालचे कान लाल झाले होते. "मामंजींचं नाव मी कसं घेऊ? आमच्याकडं तर नावासारखा शब्द असला तरी घेत नाहीत. माझ्या आजीनं जन्मभर लोखंडाला लोखंड म्हटलं नाही, आजोबांच्या नावात लोखंड होतं म्हणून. काळा धातू म्हणायची."

सामोवार सूं सूं करीत राहिला.

"कोणाचं नाव?" कालीपाने सावकाश विचारले.

सैकालने डोळ्यांनीच बेशेनालीकडे खूण केली आणि रुमाल पुढे ओढला.

तालायच्या तोंडून एक अर्धवट आवाज निघाला. त्याला सर्वात आधी कळले. मग बुबुकानला. तिने तोंडाला रुमालाचे टोक लावले आणि ती हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग ती हसते आहे की काय करते आहे हे तिलाही सांगता आले नसते.

"अगं वेडे," कालीपा किंचाळली, "ते नाव आहे होय? तो आहेच तसा! म्हणून म्हणतात."

"आहेतच तसे, म्हणून तर नाव ठेवलं असेल ना," सैकाल गोंधळून म्हणाली. "आमच्या गावी तीळ घेऊन जन्मलेल्याला तीळ म्हणतात. सहा बोटं असली तर जास्त म्हणतात. कुणाला नजर लागू नये म्हणून कुत्रासुद्धा म्हणतात. मला वाटलं, आईबापांनी... सगळेच म्हणतात. घरी, दारी. पोरंही म्हणतात. मग नावच असणार ना ते?"

बेशेनाली तिच्याकडे पाहत होता. त्याच्या आत काहीतरी हळूहळू जागा बदलत होते, बर्फाखालून पाणी सरकते तसे. इतके दिवस ही मुलगी त्याची कीव करीत नव्हती. ती त्याचा मान राखीत होती. साऱ्या गावाने जो शब्द सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलासारखा दाताने फोडून थुंकला होता, तो तिने ओठांआड जपून ठेवला होता, जसे वडिलांचे नाव ठेवतात. त्याच्यासाठी तिने झाडाला पाणी पाजले, नळाला सलाम करायला लावले, एका म्हातारीला सुई शोधायला लावली. एका शब्दाभोवती तिने सारी भाषा वळवून घेतली होती, आणि त्या वळणाच्या आत तो शब्द प्रथमच स्वच्छ, कोणाचा हात न लागलेला असा पडून होता.

"मग खरं नाव काय त्यांचं?" सैकालने विचारले. आवाज रडवेला झाला होता. "म्हणजे मी इतके दिवस त्यांचं खरं नाव घेत सुटले असेन का? कुणीतरी सांगा ना."

कालीपाने जावेकडे पाहिले. जावेने दुसऱ्या जावेकडे. त्यांना ते कधी ऐकायलाच मिळाले नव्हते. बुबुकानला ते ठाऊक होते, पण ती या घराची सून होती. ज्या दिवशी अंगणात पाऊल ठेवले त्या दिवसापासून तिने ते उच्चारले नव्हते आणि आज चार बायकांसमोर उच्चारणार नव्हती. तालायने तोंड उघडले.

बेशेनालीने त्याच्याकडे नुसते पाहिले. तालायने तोंड मिटले.

ते खरे नाव बेशेनालीला आठवत होते. निवृत्तीवेतनाच्या कचेरीत कोणी ते पुकारले, की तो मागे वळून पाही, कोणाला बोलावताहेत म्हणून. ते आता बाहेर काढले तर काय होईल, याचा त्याला एका क्षणात, दमलेल्या माणसाला उतार दिसावा तसा, सगळा अंदाज आला. ही गुणी मुलगी आजपासून ते नाव जपेल. जे कोणी वापरतच नाही, त्या रिकाम्या घरावर पहारा देईल. आणि दुसरा शब्द तिला मोकळा होईल. उद्या सकाळी ती सहज म्हणेल, घोडा त्या बुकुर जर्दाळूला बांधा.

"तिनं बरोबर ओळखलं," तो म्हणाला. "तेच माझं नाव."

कालीपाचे बोट मुरंब्यात थांबले.

"आईनं ठेवलेलं," तो पुढे म्हणाला. "तुम्ही लोक इतकी वर्षं वाटेल तसं घेत आलात, ते घेत आलात. तिला चांगलं वळण आहे."

कालीपाही या गावची सूनच होती. तिने बुबुकानकडे पाहिले. बुबुकान चादरीवरचे चुरे गोळा करण्यात गढली होती. कालीपाने सावकाश बोट चाटले आणि रुमाल पुढे ओढला, थोडासाच.

"मग त्यांच्यासाठी दुसरा शब्द नको का काढायला, सूनबाई?" एक जाऊ पुटपुटली. "सगळ्यांना वाटलेस."

"शोधतेय," सैकाल म्हणाली. "रोज शोधतेय. मिळतच नाही. म्हणून तर त्या दिवशी उशी घेऊन गेले होते, त्यांनाच विचारावं म्हणून."

"नसेल मिळत तर नको शोधूस," बेशेनाली म्हणाला आणि रिकामी वाटी तिच्यापुढे केली. "चहा दे."

*

उन्हे पाटापर्यंत उतरली तेव्हा बुबुकान खोपटात आली. बायका गेल्या होत्या. बेशेनाली साच्यात काठी बांधीत होता. ती शेजारच्या ओंडक्यावर बसली.

"पोरीशी खोटं बोललास."

"मग तुम्ही का नाही खरं सांगितलंत?"

"मी कसं सांगणार?"

"आता सांगा. इथं कोण आहे?"

बुबुकानने दाराकडे पाहिले. मग त्याच्याकडे. तिचे ओठ हलले. पहिल्या अक्षरासाठी जुळले आणि तसेच राहिले. चेहऱ्यावर असा ताण आला, जसे खोल विहिरीतून भरलेली बादली ओढते आहे. मग तिने श्वास सोडला.

"नाही येत रे," ती म्हणाली. "गंजून गेलंय."

"राहू द्या."

"तुला राग येतो का? मी बोतो म्हणते त्याचा?"

इतक्या वर्षांचा प्रश्न तिनेच आणून त्याच्यासमोर ठेवला होता. बेशेनालीने दोरीची गाठ आवळली. "तेव्हा का ठेवलंत ते? पाठ पाहून?"

बुबुकान विचारात पडली. मनापासून आठवण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचे डोळे होतात तसे तिचे डोळे झाले.

"आठवत नाही," ती अखेर म्हणाली. "खरंच आठवत नाही, बोतो. लहान होते मी. सगळे बघत होते. काहीतरी म्हणायचं होतं, आणि तोंडातून ते निघालं."

त्याला वाटले होते की हे उत्तर कोणत्याही बाजूने आले तरी लागेल. ते कोणत्याच बाजूने आले नाही. फक्त दोघेही थकून बसून राहिले, एका लांबच्या वाटेवरून वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकाच दगडावर टेकलेल्या दोन माणसांसारखे.

बाहेर बादली पाटात बुडवल्याचा आवाज आला. मग सैकालचा आवाज, नेहमीसारखा, थोडा चढा:

"अहो, ऐकलंत का? पाणी पिणाऱ्या झाडाखालचे जर्दाळू गोळा करा, वाळवायला टाकायचेत. आणि फांदीला धरून लोंबकळू नका. तिला आधीच ओझं आहे."

तालाय काहीतरी म्हणाला, ती हसली. खोपटातली काठी साच्यात हळूच कुरकुरली आणि तिने आपली जागा घेतली.

बुबुकान उठली. किल्ल्या वाजल्या.

"उशी तेवढी घेऊन जा, वहिनी," बेशेनाली म्हणाला. "गादी मी आणतो."